विधानसभेच्या गाद्या आणि आमचं घर

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे तो मनातल्या मनात घातलाय, गोड मानून घ्या). मामींची कंबर कशी आहे? इकडे आम्ही सगळे खुशाल, म्हणजे डोक्यावर छप्पर आहे तोवर. नवा रस्ता आमच्या घरावरून न्यायचा की नाही, याचा निकाल परवा विधानसभेत लागला. कसा लागला ते सविस्तर कळवतो, कारण त्याला तुमच्या भाच्याचाही हातभार आहे.

नवी इमारत तुम्ही पाहिली नाहीत. पायऱ्या इतक्या, की गाऱ्हाणं घेऊन आलेला माणूस दाराशी पोचेपर्यंत गाऱ्हाणंच विसरतो. वर घुमट. वास्तुविशारद म्हणाले, यात जनतेचा आवाज घुमेल (मला तरी कबुतरंच ऐकू आली). व्हरांडा गोल, कुठूनही निघा, उपाहारगृहापाशीच येता. मला बोलावलं होतं सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या करायला. मंडळींना आराम वाटला पाहिजे, एवढीच अट. मग काय, आपल्या हातात तर आजोबांपासूनची कला! अशा स्प्रिंगा आणि असा फोम घातला, की बसलेला माणूस कमरेपर्यंत आत.

परवा मी प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसलो (तिथे नुसतं लाकूड, जनतेला कशाला हवी गादी?). आमचे आमदार आदल्या आठवड्यात घरी येऊन, चहा पिऊन, "वहिनी, निर्धास्त राहा" असं माझ्या बायकोला सांगून गेले होते. तिथली रीत अशी, की विरोध असेल त्याने उभं राहायचं. बसून राहिला तो राजी. अध्यक्षांनी पुकारा केला. आमदारांनी जोर लावला, अर्धे वर आले, पुन्हा आत गेले. शेजाऱ्याचा खांदा धरला, तर तोही आत. सगळ्या विरोधी बाकांवर तीच गत. मी वरून ओरडलो, "अहो, आधी पुढे सरका, मग उठा!" तर शिपायाने मलाच दंडाला धरून बाहेर काढलं. रस्ता एकमताने मंजूर.

मामा, हसू येतं आणि रडूही येतं. बाबांनी बांधलेलं घर हो ते. बायको तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

तुमचा भाचा

ता. क. : तुमची माडीवरची खोली रिकामीच असते ना? आम्ही चौघं आणि शिलाई मशीन. मामींना आत्ताच सांगू नका, आधी कंबर बरी होऊ दे.

पुन्हा ता. क. : विधानसभेचा निरोप आलाय. काम फार पसंत पडलं म्हणे, विरोधी बाकांच्या गाद्या आणखी चार बोटं जाड हव्यात, पुढचा रस्ता मांडायच्या आत. तो तुमच्या माडीवरून जातो. घाबरू नका, मी हो म्हटलंय. या खेपेला आतून खिळे उलटे ठोकतोय.