दाराकडे तोंड केलेले रिव्हॉल्वर

मी, ऑर्लीन हॉगेन, कै. गेलन हॉगेन यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार होल्टर क्रीक, मोंटाना, माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. उलट यातले निम्मे लिहू नकोस, असेच वकिलाने सांगितले. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर व भोवतालची जमीन माझी मुलगी मारिट हिला मिळावी. मात्र तिने ते विकावे, त्यात राहू नये. लेफ्सा, म्हणजे आमची बटाट्याची पोळी, लाटायचे खाचांचे लाटणे तेवढे तिने स्वतःकडे ठेवावे.

२. बँकेतील शिल्लक नात सिग्ने हिच्या शिक्षणासाठी आहे. त्यावर अन्य कोणाचाही हक्क राहणार नाही.

३. गेलनला पिस्तुले जमवण्याचा नाद होता. एक मोज्यांच्या खणात, एक पिठाच्या डब्यामागे, एक गाडीत. मारिटला दिवस गेले तेव्हा मी त्याला म्हणाले, "नातवंड रांगायला लागायच्या आत या सगळ्यांना एक जागा कर. नाहीतर तू आणि तुझी पिस्तुलं सुखाने राहा, मी चालले मारिटकडे."

तो थोडे दिवस रुसला. मग त्याने तळघरात पोलादी तिजोरी आणून काँक्रीटमध्ये बोल्टने आवळली. तिच्या मागच्या भिंतीवर पुढे येणाऱ्या आडव्या सळया बसवल्या. एकेका सळईवर नळीतून ओवलेले एकेक पिस्तूल, रिकामे, नळीचे तोंड भिंतीकडे आणि मूठ आपल्याकडे. थोड्या जागेत सगळी मावली आणि एकमेकांना घासेनाशी झाली. ओल मारायला आत विजेची गरम कांडी. काडतुसे वर, स्वयंपाकघरालगत, वेगळ्या कुलपात. चामड्याच्या खोळी तिजोरीबाहेर, कारण चामडे ओल धरते. गेलनने आयुष्यात केलेले हे सर्वांत नेटके काम, आणि मी ते त्याला बोलूनही दाखवले.

४. त्या सर्व खोळी दीर डेल्मर यांना मिळाव्यात. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात त्यांनी टर्कीच्या ताटाशेजारी पिस्तूल ठेवले होते आणि "रिकामं आहे गं वहिनी" म्हणाले होते. ते भरलेले होते. रिकाम्या खोळीने कोणाला इजा होत नाही.

५. शेजारीण अर्डिस क्वाम हिच्या रिव्हॉल्वरविषयी.

तिचा नवरा व्हर्लिन कोठारात त्याच रिव्हॉल्वरने गेला. अपघात की कसे, ते कोणी विचारले नाही. नंतर ती ते गेलनला विकायला आली. आत ये म्हटले तरी उंबऱ्यावरच थांबली. म्हणाली, "हे कुलपात ठेव. मी परत मागितलं तरी देऊ नकोस."

गेलननंतर पिस्तुलांची साफसफाई माझ्याकडे आली. बोटांच्या घामाने लोखंड गंजते, म्हणून मी सुती हातमोजे घालून, वसंतात, बर्फ वितळल्यावर ती करते. पहिल्याच वसंतात अर्डिसचे रिव्हॉल्वर सळईवर नव्हते. खालच्या फळीवर पडले होते, तोंड दाराकडे. त्याच्यावर उघड्या हाताचा ठसा गंजाने उमटला होता. करंगळी बाहेर वळलेली.

कुलूपवाल्याला बोलावून तिजोरीच्या कुलपाचा आकडा बदलून घेतला. तो म्हणाला, "बाई, या दाराला तुमच्याशिवाय कोणी हात लावलेला नाही." पुढच्या वेळी उघडले तर पुन्हा तेच.

तशी करंगळी गावात एकीचीच. गाईने लाथ मारली होती. मी अर्डिसकडे गेले. ती सफरचंदे सोलत होती. मी काही बोलायच्या आतच तिने विचारले, "तुमच्या तळघराचा जिना मध्येच कुरकुरतो ना गं?"

"तुला काय माहीत? तू कधी आमच्या घरात आलीस?"

"स्वप्नात उतरते. व्हर्लिनचं ते मीच पुसायचे ना, हाताला सवय लागलीये. आधी नुसतं पुसून यायचे. आता सळईवरून काढून ठेवते, म्हणजे पुढच्या खेपेला चटकन उचलता येईल. तोंड दाराकडे, कारण जायचंही तिकडेच."

"उचलून कुठे जायचंय तुला?"

तिने सुरी खाली ठेवली. "वर. काडतुसं वर आहेत ना."

हे मी कोणाला सांगितले नव्हते. त्याच दिवशी सगळी काडतुसे शेरिफच्या कचेरीत देऊन आले.

त्या हिवाळ्यात अर्डिस झोपेतच गेली. वसंतात तिजोरी उघडली. तिचे रिव्हॉल्वर सळईवर, स्वच्छ होते. शेजारचे गेलनचे आवडते पिस्तूल मात्र फळीवर, तोंड दाराकडे. त्यावर उजव्या हाताचा गंजलेला ठसा होता आणि अनामिकेच्या मुळाशी अंगठीएवढी कोरी पट्टी. आम्हा नॉर्वेजियन घरांत लग्नाची अंगठी उजव्या हातात घालतात. मी हातमोजे कधीही काढले नव्हते. आणि तोवर मलाही जिना उतरण्याची स्वप्ने पडू लागली होती.

६. सर्व पिस्तुले मी माझ्या डोळ्यांदेखत कापून घेतली आहेत. त्यांच्या वाटणीचा प्रश्न उरत नाही. डेल्मर म्हणाले, "वहिनी, सोनं कापलंस." मी म्हटले, "तुकडे नेता का?" त्यांनी नेले नाहीत. तिजोरी काँक्रीटने भरावी.

७. गेल्या वर्षापासून मी सिग्नेला इथे झोपायला बोलावत नाही. मारिटने मला विचारले, "आई, तुला नात नकोशी झाली का?" त्याचे उत्तर इथे देते.

स्वप्नात मी जिना चढून वर येते. सिग्ने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दूध पीत बसलेली असते. पिस्तुले कापली तरी स्वप्न थांबले नाही. परवाच्या स्वप्नात तिने विचारले, "आजी, हातात काय आणलंस?" मी मूठ उघडून दाखवली. रिकामी होती. ती हसली आणि पुन्हा दूध पिऊ लागली.

जाग आल्यावर मी हात धुतले. पाणी गंजासारखे तांबूस वाहिले.

मारिट, घर वीक. घेणाऱ्याला हे कलम वाचायला दे.

मृत्युपत्राची अंमलबजावणी मारिटने करावी. वर लिहिलेले मी स्वतः वाचून, समजून सही केली आहे.

(सही) ऑर्लीन हॉगेन

आम्हा दोघांसमोर सही झाली. आम्हाला यातून काहीही मिळावयाचे नाही.

साक्षीदार: थेल्मा ब्रेक्के, ग्रंथपाल
साक्षीदार: रॉस इंगेब्रिट्सन, पशुवैद्य

स्थळ: होल्टर क्रीक, मोंटाना
दिनांक: ९ एप्रिल २०१९