बरणीतला बुडबुडा

शनिवार, विष्णुपुरी

बीअर अजून गप्पच. परवा बरणीत यीस्ट टाकलं, पण झाकणातून ग्लासातल्या पाण्यात सोडलेल्या नळीतून एक बुडबुडा नाही. जवाचा काढा गरम असतानाच टाकलं का मी? मेलं असेल का ते?

त्यात मुखेडहून आबा आलेले. आयुष्यात दारूला शिवले नाहीत. त्यांना सांगितलं, लिंबाचं सरबत मुरतंय. दुपारभर ते बरणीशेजारी बसून होते आणि मी ग्लासाकडे बघत होतो. आई गेल्यापासून आम्ही बापलेक इतका वेळ शेजारी बसलोच नव्हतो. धरणावरून गार वारा येत होता, कलत्या उन्हात बरणी मधासारखी दिसत होती. डुलकी लागली. स्वप्नात आई हळू आवाजात काहीतरी सांगत होती.

"उठ रे, बोलून राहिली ती." आबांनी हलवलं.

ग्लासात बुडबुडा. मग दुसरा. बरणीभोवती आबांची शाल.

"गारठली होती. बीअरच हाय ना?"

"हाव," मी मान खाली घालून म्हणालो.

"प्यायजोगी कधी व्हईल?"

"पंधरा दिवस तरी लागतील."

आबांनी बरणीभोवतीची शाल नीट खोचली.

"मग उद्याची एसटी राहू दे."