हीफ : वाक्यात उपयोग करा

१४ मार्च २००१
पुन्हा फोन! इंग्रजी बोलींच्या शब्दकोशवाल्या मिस ऑलरटन. 'हीफ' नक्की कसं लिहायचं? आमच्या खोऱ्यात हीफ, डोंगरापलीकडे हेफ्ट, जुन्या कागदांत कुठे नुसतंच हेफ — बाईंना सगळी रूपं हवीत. आणि अर्थ? सांगून दमले. डोंगरावरची कळपाची ठरलेली जागा म्हणजे हीफ. ती जागा धरून राहणारा कळप, तोही हीफच. वर ना भिंत ना कुंपण, तरी मेंढी आपली जागा सोडत नाही. कोकराला आई शिकवते.
"वाक्यात उपयोग करून सांगाल?" शाळाच भरवली!
सासरे शेगडीपाशी बसून ओरडले, "कसंही लिही म्हणावं! मेंढीला कुठे वाचता येतंय!"
इथे लाळ-खुरकताच्या साथीच्या धास्तीनं झोप उडालीय, आणि बाईंना स्पेलिंगची पडलीय.

१९ मार्च
रोग आत येऊ नये म्हणून फाटकात औषधात भिजवलेला पेंढा. पोस्टमनही पत्रं भिंतीवर ठेवून पळतो.
जॉस म्हणाला, मेंढ्या खाली आणतो, विण्याचे दिवस आले. दरवर्षी आणतोच. सासरे म्हणाले, "यंदा वरच राहू देत. रोग डोंगर चढत नाही."
"आणि बर्फात पिल्लं मेली तर?"
माझा नवरा बापासारखाच हट्टी. आणल्या खाली.

२७ मार्च
डिक्सनकडे लागण! त्यांच्या शेताला आमचं शेत लागून. म्हणजे सरकारी नियमानं आमच्याही मारणार. अहो, धडधाकट आहेत! एकीच्याही तोंडात फोड नाही. सरकारी डॉक्टर म्हणजे पोरगीच, तीच रडत होती. "माझ्या हातात काही नाही हो."
वर असत्या तर वाचल्या असत्या.

२९ मार्च
संपलं. लिहवत नाही.

१ एप्रिल
सासरे जॉसला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.
फोनवर कोणीतरी म्हणालं, नव्या घ्या. मेंढ्या मिळतील हो, पण त्यांना जागा कोण दाखवणार? दाखवणाऱ्या आयाच गेल्या. उरल्यात फक्त गेल्या वर्षी जन्मलेल्या तरण्या मेंढ्या, हिवाळ्यात किनाऱ्याकडे चरायला पाठवलेल्या. आईमागे एकच उन्हाळा हिंडल्यात. आता जनावरांना रस्ते बंद. त्या तरी वाचतात का, कोण जाणे.

८ एप्रिल
मिस ऑलरटन. वाक्य राहिलंय म्हणे. सासऱ्यांनी फोन घेतला. "वाक्य नाही उरलं, बाई," म्हणाले आणि ठेवून दिला.

४ ऑक्टोबर
परवानगी मिळाली, आज त्या तरण्या मेंढ्या घरी आल्या. चांगल्या थोराड झाल्यात. फाटक उघडलं, मी डोळे मिटून घेतले. जॉस मागोमाग वर गेला. सासरे गुडघ्यांमुळे खालीच, फाटकाशी खुर्ची टाकून.
जॉस अंधार पडता पडता आला. "कड्याखालच्या ओहोळापाशी आहेत. आया बसायच्या तिथेच. एकही इकडेतिकडे नाही."
ओरडताहेत त्या. इथे अंगणात ऐकू येतंय. आयांना हाका मारताहेत.
सासरे ऐकत बसले. मग म्हणाले, "पोरी, त्या शब्दकोशवाल्या बाईंना फोन लाव."