टेकाड निरंक

प्रिय शोशाना,

हातानं शेवटचं पत्र कधी लिहिलं ते आठवून पाहिलं, आठवलं नाही. सरपंच झाल्यापासून मी नुसत्या सह्या करते. सकाळी फोनवर तुझा निरोप येतो, चंद्रा कशी आहेस, गाव कसं आहे, आणि माझा अंगठा आपसूक ‘सगळं छान’ लिहून, हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळा होतो. फोनवर मला तुझ्याशी खरं बोलता येत नाही, हे गेल्या वर्षभरात माझ्या चांगलं लक्षात आलं आहे. म्हणून आज नातीची वही ओढली. पुढच्या गुरुवारी तुमच्या नात्यातली निरीत इस्रायलला, तुमच्याकडे अश्दोदला येते आहे, तिच्या हाती हे देणार आहे. एप्रिलमध्ये तुझ्या बाबांचं वर्ष आहे, त्याआधी हे तू वाचायलाच हवंस. का, ते एकदम सांगायची माझ्यात ताकद नाही. जरा आजूबाजूचं बोलून घेऊ दे.

आम्ही बरे आहोत. जगनचे गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. मी ग्रामपंचायतीतून घरी आले की म्हणतो, ‘सरपंचबाय, आमचा चहाचा अर्ज मंजूर झाला का नाय?’ आमच्या पोराचे, भावेशचे, आता दोन डंपर आहेत, न्हावा शेव्याच्या बाजूला भरावाची कामं करतो. डोक्यावरून विमानं जातात आणि पोरं आता वर बघतसुद्धा नाहीत. आपली मिठागरं जवळजवळ संपली. तू ओळखशील असं गावात काय उरलंय याचा विचार करायला लागले की तुमचं बंद घर आठवतं, आणि मग टेकाड. तिथे आले की मी थांबते.

शनिवारी तुमच्यात विस्तवाला हात लावायचा नाही, म्हणून मी तुमच्याकडे चूल पेटवायला यायचे, आठवतं ना? सगळा गाव म्हणायचा, सोफीबाईंच्या घरी शनवारी विस्तव नाही. माझी आई मला सकाळीच पिटाळायची. मी चूल पेटवायची, तुझी आई चहा ठेवायची नाही, मलाच ठेवायला लावायची आणि तो होईपर्यंत माझ्याकडून बाराखडी म्हणून घ्यायची. नवीन वर्षाचा तुमचा गव्हाच्या चिकाचा हलवा पहिला माझ्या हातावर पडायचा. आगऱ्याच्या पोरीला कशाला शिकवायचं, असं माझा बाप म्हणाला, तेव्हा सोफीबाई आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या होत्या. पाय न आपटता, आवाज न चढवता अर्धा तास. बाप शेवटी वैतागून म्हणाला, ‘न्या बाय तिला, पन तुमी आता घरी जा.’ मी आज सरपंचाच्या खुर्चीत बसते ती त्या अर्ध्या तासामुळे. हे तुला मी कधी बोलून दाखवलं नव्हतं, आज लिहिते आहे, तेही अशा पत्रात.

त्या गेल्या तेव्हा आपण दहावीला होतो. तेल्यांच्या टेकाडावर पश्चिमेच्या कडेला, जिथून मिठागरं दिसायची, तिथे त्यांना ठेवलं. तुमचे पूर्वज तेल गाळायचे म्हणून गावानं त्या टेकाडाला दिलेलं नाव, आणि नंतर कागदावरही तेच चढलं. वरच्या अंगाला नुसते अनघड दगड उभे, कोणाचे ते तुझ्या बाबांनाही माहीत नव्हतं. कडेला मोजक्या नव्या कबरी, आणि सोफीबाईंचा काळा दगड, वर तुमची हिब्रू अक्षरं, खाली मराठी. मराठी ओळी मी बोट फिरवून वाचल्या होत्या. तू रडत होतीस आणि मी वाचत होते, मला त्याची तेव्हाही लाज वाटली होती.

आता एक शब्द सांगते, तो तुला ठाऊक नसेल. निरंक. सरकारी कागदावर ‘काही नाही’ असं लिहायचं नसतं, ‘निरंक’ लिहायचं असतं. साथीचे रुग्ण, निरंक. बालविवाह, निरंक. आमचे भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, तीन गावांचा कारभार एका मोटरसायकलवर बघतात, त्यांचा हात या शब्दावर असा बसला आहे की जगन म्हणतो, यांच्या लग्नपत्रिकेतही ‘आहेर : निरंक’ छापलं असेल. निरंक लिहिलं की कोणी परत विचारायला येत नाही. मलाही तो शब्द आवडायला लागला होता.

गेल्या वर्षी जानेवारीत तालुक्याहून एक तक्ता आला. गावाच्या हद्दीत जुनं काय काय आहे ते भरून पाठवा : किल्ला, लेणी, देऊळ, शिलालेख, कोरीव दगड, आणि सगळ्यात खाली, जुनी दफनस्थळं. भाऊसाहेबांनी पहिल्या रकान्यात निरंक लिहिलं आणि खाली शेवटपर्यंत दोन-दोन टिंबं देत गेले. मग तक्ता माझ्यापुढे सरकवला. त्या दिवशी टेबलावर बावीस कागद होते, मी सह्या करत गेले, त्यात हाही गेला.

सप्टेंबरात पनवेलला पंचायत समितीच्या सभागृहात सरपंच आणि ग्रामसेवकांचं शिबिर झालं. विषय होता पुरातत्त्व सर्वेक्षण म्हणजे काय आणि त्यात ग्रामपंचायतीनं काय करायचं. स्त्री सरपंचांत मी वयानं मोठी, म्हणून आरंभीच मला शाल घातली. शिकवायला स्नेहल नावाची मुलगी आली होती, माझ्या सुनेपेक्षा लहान, पायात मातीनं भरलेले बूट. तिनं आम्हा सगळ्यांना बाहेर नेलं, हातभर अंतर ठेवून ओळीत उभं केलं आणि मान खाली घालून चालायला लावलं. भात लावायला वाकतो तसे पंचवीस सरपंच मैदानात चालत होते. कोणाला खापराचा तुकडा मिळाला, कोणाला गुटख्याची पुडी. एकानं विचारलं, ‘मॅडम, सोनं गावलं तर ग्रामपंचायतीचं का ज्याला गावलं त्याचं?’ गाढव कोरलेल्या जुन्या दगडाचं चित्र तिनं दाखवलं. दान दिलेली जमीन जो लाटेल त्याला त्यावर शिवी कोरलेली असते, आणि ती कसली ते मी तुला लिहू शकत नाही. सगळे खदखदून हसले. मीही हसले.

मग पडद्यावर तालुक्याचा नकाशा आला. जिथे काही नोंद आहे ती गावं रंगवलेली, जिथे निरंक ती पांढरी. स्नेहल म्हणाली, ‘या पांढऱ्या गावांचं मला फार नवल वाटतं. हजार वर्षांत तिथे कोणी राहिलंच नाही, कोणी मेलंच नाही.’ पुन्हा हशा. आपलं गाव पांढरं होतं. पुढचं चित्र तिनं एका जुन्या मोजणीच्या नकाशाचं लावलं, आपली खाडी, आपली मिठागरं आणि टेकाडावर बारीक अक्षरांत : इस्रायली लोकांचं दफनस्थान. ती म्हणाली, ‘कोकणातल्या तुमच्या या शेजाऱ्यांचा इतिहास लिहिलेला फार थोडा आहे. असे बिनअक्षरांचे दगडच त्यांचे कागद. या गावचे सरपंच आलेत का? मला तिथे यायचं आहे.’ माझ्या शेजारी भाऊसाहेब पेन उघडझाप करत होते. मी ताटलीतल्या वड्याकडे बघत बसले. तिनं दोनदा विचारलं. अंगावर शाल होती, शोशाना, आणि मी हात वर केला नाही.

वर मी लिहिलं की बावीस कागदांत तोही गेला. ते खोटं आहे. खोडत नाही, राहू दे तिथे, मी कशी आहे ते तुला दिसू दे. तो तक्ता मी वाचला होता. शेवटचा रकाना दोनदा वाचला. भाऊसाहेब म्हणाले होते, ‘ताई, एकदा नोंद झाली की टेकाड अडकलं. मग त्यातली पाटीभर माती पण हलायची नाही.’ आणि टेकाडावरचा मुरूम कंटेनर रचायच्या तळाच्या भरावाला हवा होता, आणि ते काम भावेशला मिळणार होतं. आदल्या रात्री जेवताना तो म्हणाला होता, ‘आये, कोन हाय आता त्यांचं हितं? सगली मानसं गेली.’ मी त्याला म्हणाले नाही की मी आहे. भाऊसाहेबांच्या टिंबांखाली मी सही केली, आणि महिन्याभरानं मुरूम काढायला हरकत नाही या दाखल्यावर दुसरी.

होळीनंतर जेसीबी लागला. तू विचारशील, निदान दगड तरी बाजूला काढून ठेवायचास. मलाही ते सुचलं होतं. पण दगड जपून काढा असं म्हटलं असतं, तर तिथे काहीतरी होतं हे मीच कबूल केलं असतं, आणि कागदावर तर मी निरंक लिहून दिलं होतं. ते तीन दिवस मी घराबाहेर पडले नाही, डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. भावेशनं एकदा दारातून विचारलं, ‘आये, तो काला दगड...’ आणि मी भिंतीकडे तोंड केलं. त्याचा दोष नाही. त्यानं विचारलं होतं. आज तो दगड भरावात कुठेतरी आहे आणि त्यावर कंटेनर रचलेत.

शिबिरानंतर चौथ्या दिवशी मी स्नेहलला फोन केला. ती दुसऱ्याच दिवशी आली. तिला सगळं सांगितलं, सह्यांसकट. मला वाटलं ती फाडफाड बोलेल, मला ते हवंही होतं. तिनं पिशवीतून दोरी काढली. उरलेल्या टेकाडावर ती लावून दिवसभर चालली. पूर्वेची चिंचोळी पट्टी वाचली आहे, तिथे अकरा अनघड दगड तिनं मोजले, चित्रं काढली. जाताना वही उघडून विचारलं, ‘कोणाची नावं आठवतात?’ मी एकच सांगू शकले. सोफीबाई सामाजी. तिनं लिहून घेतलं. नोव्हेंबरच्या ग्रामसभेत मी उभं राहून माझी नोंद खोटी होती हे सांगितलं, दुरुस्तीचा ठराव मांडला. पट्टी आता राखीव आहे. काही लोक आता पंचायतीत येऊन माझ्याशी न बोलता भाऊसाहेबांशी बोलतात. भावेश महिनाभर माझ्या हातचं जेवला नाही. ते मी सोसते, त्याचं कौतुक करू नकोस.

आता तुझ्या लेकाबद्दल, इलानबद्दल. त्यामुळेच हे पत्र. गेल्या एप्रिलात बाबा गेले आणि तू रडत फोन केलास, की त्यांची एकच इच्छा होती, सोफीच्या कबरीवरची मूठभर माती त्यांच्यापाशी असावी, इलान जूनमध्ये कामाला मुंबईला येतोय, त्याच्याजवळ दे. तेव्हा मी हो म्हणाले. टेकाड जाऊन महिना झाला होता. इलान आला, पोर भिजून चिंब, मोडक्यातोडक्या मराठीत मला मावशी म्हणाला आणि म्हणाला, आधी आजीकडे जाऊ. मी म्हणाले, वाट चिखलाची आहे बाळा, गाडी जायची नाही, मी सकाळीच जाऊन आणून ठेवली आहे. स्टीलच्या डबीत, पांढऱ्या फडक्यात बांधलेली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. तू परवा लिहिलंस की ती डबी खिडकीत ठेवली आहेस, शुक्रवारी दिवे लावताना तिला हात लावतेस, आणि वर्षाच्या दिवशी ती माती बाबांच्या कबरीत घालणार आहेस. शोशाना, ती टेकाडावरची नाही. ती आमच्या मोरीमागची आहे, भांड्यांच्या पाण्यावर अळू वाढतं तिथली, त्याच सकाळी मी खुरप्यानं उकरलेली. आणि आता पाठवायला खरी मूठ माझ्याकडे नाही, पश्चिमेची कड पुरती गेली. मला काय म्हणायचं ते म्हण, म्हणू नकोस, फोन कर किंवा करू नकोस. फक्त ती माती बाबांजवळ ठेवू नकोस.

तुझीच असं लिहायला हात धजत नाही, दुसरं काही लिहिता येत नाही म्हणून,
तुझीच,
चंद्रावती