फाटलं तर परत आणून द्यावं

मास्तर, माझं सगळं बदललं ते पाचूबंदरच्या धक्क्यावर, तुम्ही एका कोळणीच्या हातून फाटकं पुस्तक घेतलंत तेव्हा. मासळीचा लिलाव नुकता संपला होता, पायाखाली सगळी चिकचिक, आणि मी चित्रकथांचा गठ्ठा खांद्यावर घेऊन तुमच्या मागे नाक मुरडत उभा होतो. ती बाई टोपल्यांच्या आडून आली. पदराखाली काहीतरी लपवलेलं. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मास्तर, पोरानं देव फारला. कोनाला बोलू नका." पदर बाजूला केला तर आपलीच चित्रकथा, आणि गरुडावर बसलेल्या देवाचं पान मधोमध फाटलेलं. गरुड एकीकडे, देव एकीकडे. मला हसू फुटत होतं. पण बाईचा चेहरा पाहिला आणि ते आतच राहिलं. तिचा नवरा होडी घेऊन दर्यात होता आणि घरात देव फाटला होता. तुम्ही त्या चिखलात पायातल्या वहाणा काढल्यात. दोन्ही तुकडे दोन्ही हातांनी घेतलेत, कपाळाला लावलेत, पिशवीत ठेवलेत आणि विचारलंत, "पोर केवढं?" "रांगते अजून." "दात येतायत?" "हां." "मग चावणारच की!" असं म्हणून माझ्या गठ्ठ्यातलं नवं पुस्तक काढून तिच्या हातात दिलंत. ती कनवटीला हात घालायला लागली तर म्हणालात, "कसले पैसे? तुझं पुस्तक मी परत घेतलं ना?"

तिथून आपण परत आलो. फणसाखालच्या आपल्या छापखान्याच्या पडवीत शिरलात, मला छपाईच्या खिळ्यांच्या पेटीपासून बाजूला सारलंत आणि स्वतःच्या हातांनी एक ओळ जुळवलीत. त्या दिवसापासून आपल्या प्रत्येक चित्रकथेच्या शेवटच्या पानावर, खाली, ती असते. फाटलं तर परत आणून द्यावं, नवं मिळेल.

मी तेव्हा कोण होतो ते तुम्हाला सांगायला नको, सगळ्या वसईला ठाऊक होतं. मुंबईचं कॉलेज अर्धवट टाकून ट्रंकेसकट परत आलेला दिवटा. वर्गातल्या एका मुलीचं लग्न ठरलं, ज्याच्याशी ठरलं तो इंजिनिअर निघाला, त्याच आठवड्यात मी प्राध्यापकांशी भर वर्गात भांडलो, आणि बाहेर पडलो तो पडलोच. वडील बोलेनात. आई म्हणाली, "मास्तरांकडे जा. निदान पायानं यंत्र तरी चालवशील." मी आलो तो कवितांची चळत घेऊन. तुम्ही दोन कविता वाचल्यात, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "छापू की. मात्र खिळे तू जुळवायचे." उलट्या अक्षरांत स्वतःचा विरह जुळवताना चौथ्या ओळीला मला त्याचा कंटाळा आला. तुम्ही पलीकडे शाई घोटत होतात. मान वर न करता विचारलंत, "संपला का विरह? मग ही व्रताची पोथी घे, श्रावणाआधी हवी आहे लोकांना."

मी सुरुवातीला किती चेष्टा केली तुमच्या पोथ्यांची! देश स्वतंत्र व्हायला आलाय आणि आपण सुट्या पानांच्या कहाण्या, जुनी आख्यानं, आणि भुईगावच्या ख्रिस्ती बायका ईस्टरआधीच्या उपासकाळात गातात ती गाणी छापतोय. ती गाणी तुम्ही भुईगावच्या एका म्हाताऱ्या मावशींच्या ओट्यावर बसून, त्यांच्या बोलीत, जशीच्या तशी उतरवून घेतली होतीत. मी म्हणालो होतो, "मास्तर, हे कोण वाचणार आता?" तुम्ही म्हणालात, "देश स्वतंत्र झाला की माणसं निवांत बसतील आणि काहीतरी वाचायला शोधतील. तेव्हा घरात आपलं काहीतरी असू दे." मला हे उत्तर तेव्हा पटलं नव्हतं. आज पटलंय असंही छाती ठोकून सांगत नाही, पण रोज आठवतं.

आणि ते बागाईतदार आठवतात? केळ्यांचा हा एवढा लोंगर गड्याच्या डोक्यावर देऊन आले होते. छपाईचा सगळा खर्च त्यांचा, फक्त पहिल्या पानावर त्यांचा फोटो, "आणि ती किरिस्तावांची गाणी तेवढी बंद करा मास्तर, बरं नाही दिसत." त्या दिवसांत कागद मिळत नव्हता, मिळाला तर पिवळा मिळायचा, आणि माझ्या मनात आलं, होय म्हणा, होय म्हणा. तुम्ही विचार केल्यासारखं केलंत आणि म्हणालात, "फोटो छापतो. पण फाटला तर बदलून मिळणार नाही." ते लाल होऊन निघून गेले. केळी घाईत तिथेच राहिली. ती आपण खाल्ली, भुईगावच्या मावशींनाही एक फणी पोचवली.

चित्रकथा विकायची तुमची तऱ्हा तर मी कुणालाही करून दाखवतो, मला ती जमत मात्र नाही. निर्मळच्या जत्रेत बाकीचे दुकानदार घसा फोडून ओरडत असायचे. तुम्ही चटई टाकून बसायचात आणि एकट्यानं, जणू स्वतःशीच, गोष्ट वाचायला लागायचात. पोरं जमायची. राक्षसानं तोंड उघडलं, आत दातांची रांग, त्या चौकटीवर आलात की पुस्तक मिटून पाणी प्यायचात. "पुढं काय झालं?" पोरं ओरडायची. "मला काय माहीत? पुढचं पुस्तकात आहे." मग पोरं आयांना पदराला धरून ओढत आणायची.

ती ओळ येण्याआधी मात्र एक गोष्ट तुम्हाला फार लागली होती. आपण ज्या घरी चित्रकथा दिल्या त्या घरी पुन्हा गेलो की पुस्तक देव्हाऱ्यात दिसायचं. वर हळदकुंकू, एखादं जास्वंदीचं फूल. पोरांना हात लावायची बंदी. देवाचं चित्र, फाटलं तर? पाय लागला तर? वाण्याकडे पुडीला गेलं तर? सागाच्या फळीवर महिना महिना ठसे कोरून तुम्ही जे पोरांसाठी केलंत ते पोरांपासून जपून ठेवलं जात होतं. ओळ छापली आणि हळूहळू पुस्तकं देव्हाऱ्यातून खाली उतरली. पोरांच्या हातात, अंथरुणात, वाडीतल्या पाटाकाठी. अर्थात फाटायलाही लागली. आपल्याकडे पोत्यानं परत येऊ लागली.

एकदा एका मुलानं आठवड्यात दुसऱ्यांदा तेच पुस्तक आणलं. मुद्दाम फाडलेलं, दिसतच होतं. मी त्याचा कान पिळला. तुम्ही आतून आलात, त्याला हवं ते दुसरं पुस्तक दिलंत, तो पळाल्यावर माझ्याकडे वळलात. तुम्ही माझ्यावर असे कधीच संतापला नव्हतात. "त्याला नवी गोष्ट हवी होती म्हणून त्यानं जुनी फाडली. गोष्टीची एवढी हाव असलेलं आणखी एक पोर मला या गावात आणून दाखव, मग कान पिळ." मी तोंड फुगवून दोन दिवस आलो नाही. तिसऱ्या दिवशी आलो तर माझ्या जागेवर हातरुमालात बांधलेली नव्या चिमट्यांची जोडी होती, बारीक खिळे उचलायला. मी ती उचलली आणि कामाला बसलो.

अनंत चतुर्दशीला आपण ती फाटकी पोती घेऊन पाचूबंदरला जायचो. त्याच कोळणीचा नवरा होडी काढायचा. तुमचा जन्म समुद्राच्या काठी गेला आणि होडी हलली की तुमच्या पोटात ढवळायचं! एका हातानं होडीची कड धरून, डोळे मिटून तुम्ही बसलेले मला आत्ताही दिसता. "मास्तर, खाली पानी बघू नका, लांब बघा," तो म्हणतो, आणि तुम्ही म्हणता, "मी कुठंच बघत नाही बाबा." पाणी खोल झालं की आम्ही पानं सोडतो. पहिल्या वर्षी ती बुडेचनात. गरुड, राक्षस, राजे, राण्या, सगळे लाटांवर डुलत आमच्याबरोबर यायला लागले. मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल. तुम्ही एक डोळा उघडून पाहिलंत आणि खूश होऊन म्हणालात, "बघितलंस? शाई फुटली नाही अजून."

तुम्ही गेलात त्यानंतर तुमच्या पुतण्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली. "लोखंड आहे नुसतं, भंगारवालाही येत नाही, तुम्हीच ठेवा." मी ठेवलं. इतकी वर्षं चालवलं. तुमच्यासारखे ठसे मला कोरता येत नाहीत, पण तुमचे जपून वापरतो. पोथ्या श्रावणाआधी निघतात, मावशी गेल्या तरी त्यांची गाणी निघतात, आणि दर चतुर्दशीला होडी निघते.

आता मुद्द्यावर येतो. मास्तर, मला पुन्हा झालंय.

हसू नका. ती गिरीजची, मुलींच्या शाळेत शिकवते. महिनाअखेरीला मुलींनी फाडलेली पुस्तकं पिशवीत घालून घेऊन येते. पहिल्यांदा आली तेव्हा मी म्हणालो, "तुमच्या मुली फारच द्वाड दिसतात." ती म्हणाली, "मुली चांगल्या आहेत. कागद हलका वापरता तुम्ही." तेव्हापासून मी भारी कागद वापरतो आणि तरी पुस्तकं येतातच. हल्ली तर काही पानं इतकी सरळ फाटलेली असतात, पट्टी धरून फाडल्यासारखी. मी विचारलं नाही. विचारलं आणि ती हसली तर मी मेलो, नाही हसली तरी मेलो. आईनं तिच्या वडिलांच्या कानावर शब्द घालून पाहिला. ते म्हणाले, "मुलगा करतो काय? देव छापतो आणि फाटले की परत घेतो? हा धंदा आहे का व्रत? पगार कुठाय?"

आणि काल पगार चालत दारात आला. मुंबईचे एक प्रकाशक, काळा कोट, सभ्य माणूस. त्यांनी तुमचे ठसे एकेक उचलून उजेडात धरले. खोटं नव्हतं त्यांचं कौतुक. "हा हात कुणाचा?" मी सांगितलं. "गेले? अरेरे!" म्हणाले, आणि खरंच हळहळले. सगळे ठसे घेतील, रंगीत छापतील, गावोगाव पोचवतील. मी गिरगावातल्या कचेरीत बसायचं, टेबल, खुर्ची, महिन्याचा महिन्याला पगार. मी मनातल्या मनात गिरीजला पोचलो होतो. तेवढ्यात त्यांनी शेवटचं पान उलटलं. "हे काय?" "ते असतं तसं." "लहान गावात ठीक आहे हो. उद्या सगळ्या महाराष्ट्राची रद्दी माझ्या दारात?" "रद्दी म्हणू नका," मी जरा जोरातच म्हणालो. ते रागावले नाहीत. "बरं, जीर्ण प्रती म्हणू. पण ओळ जाईल. उद्या दुपारी येतो, विचार करून ठेवा."

सकाळपासून विचारच करतोय. एक प्रत घेतली आणि शेवटच्या पानावरची ती ओळ बोटानं झाकून पाहिली. पुस्तक तसंच सुंदर दिसतं, हीच पंचाईत आहे. कुणालाही काही कमी वाटणार नाही. फक्त कुठल्यातरी गावात कुणाचंतरी पोर पान फाडील, आई घाबरून ते तांदळाच्या कणगीत लपवील, आणि पुढचं पुस्तक आणलंच तर फुलं वाहून वर ठेवील. रंगीत देव, गावोगाव, सगळे देव्हाऱ्यात. तुम्ही एवढी वर्षं खपलात ते काय यासाठी?

म्हणून नाही म्हणायचं ठरवलंय. पगार गेला, गिरगाव गेलं, बहुतेक तिचे वडीलही गेले. रंगीत मला परवडणार नाही, आहे त्या काळ्या शाईत काढीन, आणि जत्रेत चटई टाकून बसेन, जमो न जमो.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? इथेच यंत्राच्या फळीवर राहील. पण एक कबूल करतो, तुमच्याशी खोटं बोलून चालायचं नाही. वर मोठ्या ऐटीत लिहिलं ते खरं आहे, पण ते मला नंतर सुचलं. ते गृहस्थ "ओळ जाईल" म्हणाले तेव्हा माझ्या डोक्यात पहिलं हे आलं की मग ती इथं कशाला येईल? कोळीण नाही, पोरं नाहीत, तुम्हीसुद्धा नाही, मास्तर. आधी ती.

आज रविवार आहे. तिचे वडील वाडीत रहाटावर असतील, ती घरीच असेल. पिशवीची, फाटक्या पानांची वाट बघत बसण्यापेक्षा सरळ जाऊन तिलाच विचारतो. ती काय म्हणेल कोण जाणे, पण आईच्या तोंडून, वडिलांच्या तोंडून नको आता. मुंबईचे गृहस्थ दुपारी येतील, कडी लावलेली दिसेल, शहाणे आहेत, समजतील.

सदरा बदलला. हाताची शाई काही निघत नाही, असू दे. उठतो, मास्तर. बाहेर पडतोय, आणि दार ओढून घेतोय.