एकशे त्रेचाळीस खिळे

५ जानेवारी, सोमवार
पालीच्या वरच्या वाडीत पोचले. खोली स्वच्छ, चहा उत्तम, खिडकीतून राजगड पूर्ण दिसतो. काम सरळ आहे: इथली देवराई सरकारच्या संवर्धन योजनेत घ्यायची, त्यासाठी प्रत्येक झाडाचा घेर मोजायचा आणि खोडावर क्रमांकाचा पत्रा लावायचा. पहिल्यांदाच एकटीवर सोपवलंय. खूप बरं वाटलं.

६ जानेवारी
देवराईची राखण सगुणाबाईंकडे आहे, वय सत्तरीपुढचं. त्यांनी सुतळीचा गुंडा आणून दिला. म्हणाल्या, हितल्या झाडाला लोखंड लावत न्हाईत, कोयताबी बाहीर ठिवून आत जायचं, पत्रे बांधा. मी सांगितलं, सुतळी पावसाळ्यात कुजते, क्रमांक हरवतात. त्या हसल्या: येवढी शिकली आन् गाठ मारता येत न्हाई व्हय? वनमजूर गोरखनेही हातोडी धरली नाही. खिळे मीच ठोकले. आज ४१ झाडं.

८ जानेवारी
१४३ पूर्ण. उजव्या करंगळीला संवेदना नाही. हातोडीमुळे असेल.

११ जानेवारी
सुईने तपासलं. पाचही बोटं शून्य. काल मनगटापर्यंत होतं, आज चार सेंटिमीटर वर. वेल्ह्याला डॉक्टर म्हणाले, नस दबलीय. दुखत नाही. काहीच होत नाही.

१४ जानेवारी
कोपरापर्यंत. कातडी खरखरीत, नख दाबलं तर नखच मोडतं. भीती वाटायला हवी. वाटत नाही, एवढं नोंदवते. सगुणाबाईंनी हातावर तिळगूळ ठेवला, तो कधी पडला कळलं नाही. त्यांनी हात उलटासुलटा पाहिला. या वेळी हसल्या नाहीत. म्हणाल्या, ज्यानं ठोकलं त्यानंच काढायचं, बाई. दुसऱ्याला न्हाई जमत.

१५ जानेवारी
डाव्या हाताने पक्कड धरून एक काढला. क्रमांक १७, जांभूळ. त्याच क्षणी करंगळीत कळ आली. छान कळ होती. दुपारपर्यंत सात निघाले. आठव्याला डावा हातही —

१७ जानेवारी
आजपासून बोलून लिहिते, मोबाईल गोरख धरतो. १३६ बाकी. त्याने एका खिळ्याला लटकून जोर लावला. तसूभर हलला नाही.

१९ जानेवारी
मान वळत नाही. कार्यालयातून फोन आला — योजना मंजूर. साहेब खूश. भोर-वेल्ह्यातल्या बाकी देवरायांतही खिळेच मारायचे. माझ्यानंतर रुजू झालेली शिवानी उद्यापासून भोंगवलीकडे काम सुरू करते. नाही म्हणायचं होतं. जबडा —

२० जानेवारी
गोरखने शिवानीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, दादा, सुतळी कुजते हो. तिला माझ्या तोंडून ऐकायला हवं. हे असंच तिला पाठव, गोरख. जीभ — थोडी हलते —
शिवानी, पहिला खिळा