भिंतीवरची वाचणारी

२८ मार्च
भिंत मिळाली! उंद्रीच्या नव्या अभ्यासिकेची. सरपंच सिंधूताई म्हणाल्या, "अश्वजित, चौदा एप्रिलच्या जयंतीले पोरं अठरा तास वाचाले बसतीन. त्याच्या आधी भिंतीवर एक वाचणारी पोरगी काढून दे."

वाचणारी! वाचणाऱ्या बायांच्या त्या फ्रेंच चित्रांपायीच तर चित्रकलेचं कॉलेज सुटलं. सर सांगायचे — तिकडे बाई एकटी कादंबरी घेऊन बसली की ती बिघडेल अशी घरच्यांना धास्ती वाटायची, अन् चित्रकार नेमके तिलाच काढायचे. खिडकीचा उजेड, वाकलेली मान. मी तसलीच काढली तर सर म्हणाले, "बाई दिसते, वाचन दिसत नाही." रंगाची ताटली त्यांच्या टेबलावर आपटली अन् थेट गावी आलो. मरेन, पण परत जाणार नाही.

२ एप्रिल
इंद्रभानकाकांची महामाया रोज अभ्यासिकेच्या खिडकीपाशी बसते. तलाठ्याच्या परीक्षेचं वाचते. मान तश्शीच!

५ एप्रिल
आज वाचता वाचता हसली. परीक्षेच्या पुस्तकात हसण्यासारखं काय असतं? कोणाची तरी चिठ्ठी असणार आत. त्या चित्रांतल्या बायांजवळही असतेच! समोर जाऊन उभा राहिलो. "कोण आहे तो?"

तिनं पान उलटलं. "सरक ना बे, उजेड अडवून राह्यला."

बस. एवढंच! अख्खी अभ्यासिका फिदीफिदी हसली.

९ एप्रिल
भिंत झाली. हुबेहूब महामाया. खांदा उघडा ठेवला — फ्रान्समध्ये ठेवतात. बघू दे गावाला!

१० एप्रिल
चित्रातल्या चेहऱ्यावर, खांद्यावर चुना फासलेला! पुस्तक तेवढं शाबूत.

तिच्या बापाचंच काम. घरी जाऊन ओरडलो. इंद्रभानकाका ओसरीत गवार निवडत होते. हात थांबला नाही त्यांचा. "मी काऊन फासू? चुना तिनंच कालवला. मी शिडी धरली फक्त."

१२ एप्रिल
सिंधूताई म्हणतात, "दुसऱ्या कोणाचा चेहरा काढ. अन् या टायमाले मान वर कर तिची, पाहू दे लोकाईकडे."

दुसऱ्या कोणाचा? तिचाच काढणार. कोण अडवतं बघतो!

१४ एप्रिल
आत सगळे वाचतायत. सकाळपासून शिडीवर बसलोय, ब्रश वाळून गेला.

महामायाचे डोळे कसे आहेत?

आठवत नाहीत. पाहिलेच नाहीत कधी.